घाटउतार आणि निसरडे रस्ते : ब्रेकविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घाट उतरताना आणि पाऊस, चिखल किंवा बर्फ असताना ब्रेक कसा वापरावा, याबद्दल वाचकांकडून सातत्याने येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. सारख्या आशयाचे प्रश्न एकात मिसळले आहेत आणि उत्तराचा काही भाग दुसरीकडे आला असेल तर त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. ही माहिती लहान मोटारींपुरती आहे. अवजड वाहनांतील हवेच्या ब्रेकचे तंत्र वेगळे असते. आपल्या गाडीच्या माहितीपुस्तिकेत वेगळी सूचना असेल तर तीच पाळावी.

१. सपाट रस्त्यावर उत्तम लागणारा ब्रेक घाट उतरताना लागेनासा का होतो?

ब्रेक गाडीची गती उष्णतेत बदलतो, आणि ती उष्णता हवेत जाण्यास वेळ लागतो. दीड टन वजनाची गाडी १०० मीटर उंची उतरते तेव्हा जेवढी ऊर्जा ब्रेकला जिरवावी लागते, तेवढीच ऊर्जा ताशी ५० किमी वेगातून दहा वेळा पूर्ण थांबताना जिरवावी लागते. मोठ्या घाटात अशी उंची लागोपाठ अनेकदा उतरावी लागते आणि मध्ये ब्रेक थंड होण्यास फुरसत मिळत नाही.

यातून दोन वेगवेगळे बिघाड उद्भवतात आणि ते पायाला वेगवेगळे जाणवतात. चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कवर दाबले जाणारे पॅड मर्यादेपलीकडे तापले की त्यांची पकड कमी होते. अशा वेळी पेडल नेहमीसारखे घट्ट लागते, पण गाडीचा वेग हवा तसा उतरत नाही. पायाचा दाब चाकापर्यंत नेणारे ब्रेक ऑइल उकळले तर त्यात वाफेचे बुडबुडे होतात, पायाचा दाब ते बुडबुडे दाबण्यातच खर्च होतो आणि पेडल मऊ लागून खाली जाते. ड्रम ब्रेक असलेल्या गाडीत तापलेला ड्रम प्रसरण पावून त्याला आतून घासणाऱ्या लायनरपासून दूर जातो, त्यामुळे तेथेही पेडल अधिक खाली दाबावे लागते.

२. उतारावर गाडी कोणत्या गिअरमध्ये ठेवावी?

‘ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरा’ हा जुना नियम सुरुवातीला उपयोगी आहे, परंतु तो कमी ताकदीच्या इंजिनांच्या काळातला आहे. आजची ताकदवान गाडी जो चढ तिसऱ्या गिअरमध्ये सहज चढते, तो उतरताना तिला दुसरा गिअर लागू शकतो. त्यामुळे खरी कसोटी वेगळी आहे : ॲक्सिलरेटर आणि ब्रेक या दोन्हींवरून पाय काढल्यावर गाडीचा वेग जवळपास स्थिर राहिला तर गिअर योग्य आहे, वेग वाढतच राहिला तर आणखी एक गिअर खाली यावे.

गिअर उतार सुरू होण्यापूर्वी बदलावा. वेग वाढल्यानंतर खालचा गिअर टाकायचा असेल तर आधी ब्रेकने वेग कमी करावा, नाहीतर क्लच सोडताच इंजिन मर्यादेपेक्षा जास्त फिरेल. ॲक्सिलरेटर जास्त दाबल्यावर इंजिनाला आवरणारी यंत्रणा येथे कामी येत नाही, कारण इंजिन फिरवणारी शक्ती चाकांकडून येत असते.

ऑटोमॅटिक गाडीत ‘डी’वर ठेवून उतरत राहणे ही सर्रास दिसणारी चूक आहे. ‘एल’, ‘२’, ‘एस’, ‘बी’ किंवा मॅन्युअल मोड यांपैकी जे उपलब्ध असेल ते वापरावे. हायब्रिड गाड्यांतील ‘बी’ याच कामासाठी दिलेला असतो.

३. इंजिन ब्रेकिंगमुळे, म्हणजे खालच्या गिअरमध्ये इंजिनाच्या अडसराने वेग आवरल्यामुळे, इंजिन झिजते किंवा इंधन जास्त जळते का?

इंजिनाचे फेरे दाखवणाऱ्या टॅकोमीटरचा काटा लाल पट्ट्यापर्यंत जात नसेल तर इंजिनाचे काहीही बिघडत नाही. आवाज मात्र वाढतो आणि नवशिक्यांना तो घाबरवतो. इंधनाबाबतचा समज तर उलटा आहे. इंधन इंजेक्शन असलेल्या आधुनिक गाडीत गिअर टाकलेला असून ॲक्सिलरेटर पूर्ण सोडला असेल, तर इंजिनाचा इंधनपुरवठा बहुधा पूर्ण बंद होतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू राहण्यासाठी इंधन जाळावेच लागते.

४. न्यूट्रलमध्ये किंवा इंजिन बंद करून उतार उतरला तर काय बिघडते?

न्यूट्रलमध्ये इंजिनाचा अडसर नाहीसा होतो आणि सगळा भार ब्रेकवर येतो. वेग वाढल्यानंतर घाईत गिअर पडेलच याची खात्री नसते, आणि तो पडेपर्यंत एखादे वळण येऊन ठेपते.

इंजिन बंद करणे याहून गंभीर आहे. बहुतेक गाड्यांत ब्रेकचा जोर वाढवणारा बूस्टर इंजिनाच्या निर्वातावर चालतो. इंजिन बंद झाल्यावर साठलेला निर्वात दोन-तीन वेळा पेडल दाबेपर्यंत पुरतो आणि त्यानंतर पेडल दगडासारखे कडक होते. पॉवर स्टिअरिंग जड होते, आणि किल्ली काढली गेली तर स्टिअरिंग लॉक होऊ शकते. वाचलेल्या चमचाभर इंधनासाठी हा व्यवहार कोणीही करू नये.

५. ब्रेक सतत हलका दाबून ठेवावा की मधूनमधून जोरात दाबावा?

आधी गिअर योग्य करावा (प्रश्न २). त्यानंतरही वेग वाढत असेल तर ठरवलेल्या मर्यादेपर्यंत तो वाढू द्यावा, मग तीन-चार सेकंद ठामपणे ब्रेक दाबून ताशी दहा किमीच्या आसपास वेग कमी करावा आणि पाय पूर्ण उचलावा. वेग पुन्हा मर्यादेला पोहोचला की हेच करावे.

एकूण उष्णता दोन्ही पद्धतींत साधारण सारखीच निर्माण होते, त्यामुळे या पद्धतीत जादू काही नाही. फरक पडतो तो असा की, पॅड आणि डिस्क यांच्यामध्ये मोकळी हवा खेळण्यास वेळ मिळतो, चारही ब्रेकवर भार अधिक सारखा वाटला जातो, आणि चालकाला दर वेळी पेडलची स्थिती कळते. सतत पाय टेकवून ठेवणाऱ्याला पेडल हळूहळू खाली जात असल्याचे फार उशिरा लक्षात येते. शिवाय मागच्या गाडीला ब्रेकचा दिवा अखंड पेटलेला दिसतो आणि आपण खरोखर थांबत आहोत की नाही, हे तिला समजत नाही.

६. घाटात जळका वास येऊ लागला किंवा पेडल मऊ लागले तर काय करावे?

नवीन पॅड बसवल्यानंतर पहिल्या काही दिवसांत थोडा वास येणे स्वाभाविक असते. एरवी उतारावर येणारा जळका वास हा इशारा समजावा. लगेच खालच्या गिअरमध्ये यावे, वेग बराच कमी करावा आणि सुरक्षित, शक्यतो सपाट जागा पाहून थांबावे. थांबल्यावर पेडल दाबून ठेवू नये, कारण तापलेला पॅड डिस्कच्या एकाच जागी टेकून राहिला तर तेथे थर बसतो आणि पुढे ब्रेक दाबताना गाडी थरथरते. गाडी गिअरमध्ये ठेवावी आणि चाकाआड दगड लावावा.

चाकांवर थंड पाणी ओतू नये. तापलेल्या डिस्कला त्याने तडा जाऊ शकतो. अर्धा तास थांबणे हाच खरा उपाय आहे. त्यानंतर जागेवरच पेडल दाबून ते नेहमीच्या उंचीवर घट्ट लागते का, हे पाहावे. ते अजूनही मऊ असेल तर गाडी पुढे नेऊ नये.

७. ब्रेक ऑइल कधी बदलावे? पातळी ठीक असेल तर चालत नाही का?

पातळी ठीक असणे पुरेसे नाही. नेहमीचे ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते आणि त्यामुळे ते कमी तापमानाला उकळू लागते. मानकांनुसार डॉट ३ प्रकारच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो, पण ओलावा शोषल्यानंतरची किमान मर्यादा १४० अंशच आहे. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ असे आहेत. सपाट शहरी रस्त्यावर हा फरक कधीच जाणवत नाही. तो नेमका लांब उतारावर, ऑइल सर्वाधिक तापलेले असताना जाणवतो. अनेक उत्पादक दर दोन वर्षांनी ऑइल बदलण्यास सांगतात, आणि घाटातून नेहमी ये-जा करणाऱ्यांनी ही मुदत लांबवू नये. डबीत दुसरे कोणतेही तेल, विशेषतः इंजिन ऑइल, घालू नये. त्याने आतील रबरी सील फुगतात आणि संपूर्ण यंत्रणा निकामी होते.

८. उतारावर ब्रेक पूर्ण फेल झाला तर?

प्रथम पेडल कसे लागते ते पाहावे. ते फारच कडक असेल तर बूस्टर निकामी झालेला असतो. ब्रेक शिल्लक असतो, फक्त पूर्ण ताकदीने, गरज पडल्यास दोन्ही पायांनी दाबावा लागतो. पेडल खाली जात असेल तर ते भराभर दाबून-सोडून दाब तयार होतो का, हे पाहावे. आधुनिक गाड्यांत ऑइलच्या दोन स्वतंत्र वाहिन्या असतात. एक निकामी झाली तरी पेडल तळापर्यंत दाबल्यावर दुसरी काही प्रमाणात काम करते. म्हणून ‘पेडल खाली गेले’ म्हणून पाय काढून घेऊ नये.

त्याच वेळी एकेक करून खालचे गिअर टाकावेत आणि हॅझर्ड दिवे लावावेत. हँडब्रेकचे बटण दाबून ठेवून तो थोडा-थोडा ओढावा. एकदम ओढल्यास मागची चाके जाम होऊन गाडी गरकन फिरते. इलेक्ट्रॉनिक पार्किंग ब्रेकचे बटण सतत ओढून किंवा दाबून धरल्यास बहुतेक गाड्या आणीबाणीचा ब्रेक नियंत्रितपणे लावतात. घाटात निसटलेल्या वाहनांसाठी रेतीचा किंवा खडीचा चढता मार्ग ठेवलेला असेल तर न लाजता त्यात शिरावे. तोही नसेल तर दरीपासून दूर, डोंगराच्या बाजूच्या भिंतीला किंवा कठड्याला अगदी लहान कोनात घासत वेग मारणे हा शेवटचा मार्ग राहतो. इंजिन मात्र बंद करू नये. कारण प्रश्न ४ मध्ये आले आहे.

९. ओल्या रस्त्यावर आणि उतारावर थांबण्यासाठी नेमके किती अंतर लागते?

टायरची पकड (घर्षणाचा जोर भागिले गाडीचे वजन) कोरड्या रस्त्यावर ०.७, ओल्यावर ०.४ आणि बर्फाच्या काचेसारख्या थरावर ०.१ धरली, तर ताशी ६० किमी वेगातून सपाटीवर अनुक्रमे सुमारे २०, ३५ आणि १४० मीटर लागतात. धोका दिसल्यापासून पाय पेडलवर पडेपर्यंतचा दीड सेकंद धरला तर प्रत्येक आकड्यात आणखी २५ मीटर मिळवावे लागतात.

आता रस्ता दर शंभर मीटरला दहा मीटर उतरतो असे समजा. कोरड्या रस्त्यावरचे अंतर २४ मीटर होते, ओल्यावरचे ४७. बर्फावर मात्र गाडी थांबतच नाही, कारण उताराची ओढ टायरच्या सगळ्या पकडीएवढी झालेली असते. ब्रेक चाक थांबवतो. गाडी थांबवण्याचे काम टायर आणि रस्ता यांच्यामधल्या पकडीचे आहे, आणि ती संपली की सर्वांत महागडा ब्रेकही निरुपयोगी ठरतो. दुसरीकडे वेगाचा परिणाम वर्गाच्या प्रमाणात होत असल्याने, त्याच ओल्या उतारावर ताशी ६० ऐवजी ४० किमी वेग ठेवला तर ४७ मीटरचे अंतर २१ वर येते. पुढील बहुतेक उत्तरांत वेग आधीच कमी करण्याचा आग्रह धरला आहे, तो यामुळेच.

१०. ब्रेक जोरात दाबल्यावर पेडल थरथरते आणि खडखड आवाज येतो. पाय सोडावा का?

सोडू नये. ती एबीएसची क्रिया आहे. चाक जाम होऊ लागले की ही यंत्रणा त्या चाकावरचा दाब सेकंदात अनेकदा कमी-जास्त करते आणि त्यामुळे चाक फिरते राहून स्टिअरिंग काम करते. मोटारींसाठी इलेक्ट्रॉनिक एबीएस १९७८ मध्ये बॉशने बाजारात आणली, पण आजही अनेक चालक नेमक्या गरजेच्या क्षणी थरथरीला घाबरून पाय उचलतात. आणीबाणीत पेडल पूर्ण दाबावे, दाबूनच ठेवावे आणि अडथळा टाळून गाडी वळवावी. कसे वाटते हे कळण्यासाठी रिकाम्या, सुरक्षित जागी कमी वेगात एकदा हा अनुभव जरूर घ्यावा.

एबीएस नसलेल्या गाडीत चाक जाम होण्याच्या किंचित अलीकडे दाब राखावा; टायर घसरू लागले तर क्षणभर दाब कमी करून पुन्हा दाबावे. जाम झालेले पुढचे चाक स्टिअरिंग ऐकत नाही. एबीएसचा पिवळा दिवा सतत पेटलेला असेल तर गाडी याच वर्गात आली असे समजावे : साधा ब्रेक लागतो, पण चाक जाम होण्यापासून संरक्षण नसते. ब्रेकचा लाल दिवा पेटला तर हँडब्रेक चुकून लागलेला नाही ना, हे पाहून लगेच थांबावे.

११. एबीएस असूनही खडीवर आणि ताज्या बर्फावर गाडी जास्त लांब का जाते?

सुट्या खडीवर किंवा भुसभुशीत बर्फावर जाम झालेले चाक आपल्यापुढे ढीग गोळा करते आणि तो ढीग पाचरीसारखा गाडीला अडवतो. एबीएस चाक फिरते ठेवत असल्याने हा ढीग साठत नाही आणि अंतर वाढते. बदल्यात दिशा हातात राहते, आणि घाटात तो सौदा फायद्याचाच आहे. एबीएस बंद करण्याच्या युक्त्या शोधण्यापेक्षा अशा रस्त्यावर पुढच्या गाडीपासून अंतर वाढवावे.

१२. वळणात शिरल्यावर वेग जास्त आहे असे लक्षात आले तर ब्रेक दाबावा का?

वेग वळणाआधी, गाडी सरळ असताना कमी करावा. टायरची पकड एकच असते आणि वळणे व थांबणे या दोन्ही कामांना ती त्याच साठ्यातून मिळते. तरीही चूक झालीच, तर ॲक्सिलरेटर हळूच सोडावा, नजर वळणाच्या शेवटाकडे ठेवावी आणि ब्रेक हलका, वाढत्या दाबाने लावावा. पुढची चाके बाहेर घसरत असतील तर स्टिअरिंग आणखी वळवून उपयोग होत नाही. ते किंचित सरळ केल्यास पकड परत येते. ओली पाने, रस्त्यावरचे रंगीत पट्टे, लोखंडी झाकणे आणि सांडलेले डिझेल हे वळणावर सपाटीपेक्षा कितीतरी अधिक त्रास देतात. मोठ्या खंडानंतर पडलेल्या पावसाची पहिली काही मिनिटेही अशीच असतात, कारण धूळ आणि तेल यांचा थर अजून वाहून गेलेला नसतो.

१३. साचलेल्या पाण्यावर गाडी तरंगल्यासारखी वाटते आणि स्टिअरिंग एकदम हलके होते. तेव्हा ब्रेक दाबावा का?

जोरात दाबू नये. टायर पाणी बाजूला सारू शकत नाही तेव्हा तो पाण्याच्या थरावर चढतो आणि रस्त्याशी संबंध तुटतो. ॲक्सिलरेटर सोडावा, स्टिअरिंग सरळ धरावे आणि पकड परत आल्याचे जाणवेपर्यंत थांबावे. बहुधा हे एक-दोन सेकंदांतच घडते. त्या काळात जाम झालेली किंवा वळवलेली चाके पकड परत येताच गाडीला हिसका देतात.

टायरमधील हवा कमी असेल तर हा प्रकार कमी वेगातही घडतो आणि नक्षी झिजलेली असेल तर आणखी लवकर. अनेक देशांत नक्षीच्या खोलीची कायदेशीर मर्यादा १.६ मिलिमीटर आहे, परंतु ओल्या रस्त्यावरची पकड ३ मिलिमीटरच्या खालीच बरीच घटू लागते. कायद्याच्या मर्यादेपर्यंत टायर ताणणे हे पावसाळी प्रदेशात शहाणपणाचे नाही.

१४. पाण्यातून गाडी काढल्यावर ब्रेक लागत नाही. हा बिघाड आहे का?

बहुधा नाही, पॅड आणि लायनर भिजलेले असतात. मागे-पुढे पाहून, कमी वेगात ॲक्सिलरेटर किंचित ठेवत ब्रेक हलका दाबून काही अंतर चालावे, म्हणजे ते कोरडे होतात. ड्रम ब्रेकमधील पाणी निघण्यास जास्त वेळ लागतो. वाळल्यानंतरही गाडी एका बाजूला ओढत असेल तर मात्र तपासणी करावी.

१५. इंजिन ब्रेकिंग करा असे सांगता, मग बर्फावर ते जपून करा असे का सांगितले जाते?

इंजिनाचा अडसर फक्त इंजिनाने फिरणाऱ्या चाकांवर येतो आणि एबीएस तो कमी करू शकत नाही, कारण ती ब्रेकचा दाब हाताळते, इंजिनाचा नव्हे. निसरड्या उतारावर एकदम खालचा गिअर टाकून क्लच झटकन सोडला तर ती चाके घसरतात. मागच्या चाकांना शक्ती असलेल्या गाडीत त्यामुळे मागचा भाग बाजूला फिरतो. उपाय इंजिन ब्रेकिंग सोडण्याचा नाही. सपाटीवरच खालचा गिअर टाकावा, क्लच सावकाश सोडावा, आणि तरीही चाके घसरू लागली तर क्लच दाबून त्यांना फिरू द्यावे. काही गाड्यांत अशा वेळी इंजिनाचे फेरे आपोआप किंचित वाढवण्याची सोय असते.

येथेच आणखी एका समजाचा उल्लेख करावा लागेल. चारही चाकांना शक्ती असलेली गाडी बर्फावर चढते उत्तम, पण साध्या ब्रेकिंगमध्ये तिला विशेष फायदा नसतो. ब्रेक सगळ्याच गाड्यांना चार चाकांवर असतात. चढताना मिळालेला आत्मविश्वास उतरताना अंगाशी येतो.

१६. हिल डिसेंट कंट्रोल किंवा क्रूझ कंट्रोलवर घाट सोपवावा का?

हिल डिसेंट कंट्रोल एबीएसमार्फत ब्रेक लावून वेग मर्यादित ठेवते. कच्च्या, तीव्र आणि आखूड उतारासाठी ती उत्तम आहे. लांब पक्क्या घाटात मात्र ब्रेक तिच्यामुळेही तापतातच, त्यामुळे गिअर योग्य ठेवावाच लागतो. ठरवलेला वेग आपोआप राखणारे क्रूझ कंट्रोल निसरड्या रस्त्यावर बंद ठेवावे.

१७. इलेक्ट्रिक गाडीला ही काळजी लागू होते का?

मोटर ब्रेकचे बरेच काम करते आणि ऊर्जा बॅटरीत परत जाते, त्यामुळे एरवी ब्रेक थंड राहतात. अपवाद वरच्या टोकाशी आहे. डोंगरमाथ्यावर बॅटरी पूर्ण भरून निघाल्यास ऊर्जा साठवण्यास जागा नसते आणि हा परिणाम फार घटतो; अतिथंड बॅटरीतही तसेच होते. दोन टनांची गाडी १००० मीटर उतरते तेव्हा साधारण साडेपाच किलोवॅट-तास ऊर्जा मोकळी होते. तेवढी जागा राहील अशा बेताने चार्जिंग थांबवावे. बर्फावर मोटरच्या या ब्रेकिंगची पातळी कमी ठेवावी, कारण पाय अचानक उचलल्यास प्रश्न १५ मधील घसरण येथेही होऊ शकते.

१८. उतारावर हँडब्रेक लावून ठेवलेली गाडी काही वेळाने आपोआप कशी सरकते?

मागे डिस्क ब्रेक असलेल्या गाडीत हे घडू शकते. घाट उतरून लगेच गाडी उभी केली तर डिस्क आणि पॅड तापलेले असतात; थंड होताना ते आकुंचन पावतात आणि हँडब्रेकची पकड सैल पडते. काही गाड्यांतील इलेक्ट्रॉनिक ब्रेक स्वतःच पुन्हा आवळला जातो, तारेचा हँडब्रेक तसे करत नाही. म्हणून तो पूर्ण ओढावा आणि दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावा.

केवळ हँडब्रेकवर कधीच विसंबू नये. गाडीचे तोंड चढाकडे असेल तर पहिला गिअर आणि उताराकडे असेल तर रिव्हर्स टाकावा. पुढची चाके अशी वळवावीत की गाडी सरकलीच तर ती पदपथाच्या कडेला किंवा डोंगराच्या बाजूला अडेल. ऑटोमॅटिक गाडीत आधी पायाच्या ब्रेकवर थांबून न्यूट्रल करावे, हँडब्रेक लावावा, पाय सोडून गाडीचे वजन हँडब्रेकवर येऊ द्यावे आणि मग ‘पी’ टाकावा. क्रम उलटा झाला तर सगळे वजन गिअरबॉक्समधील एका लहान खिळीवर येते आणि निघताना ‘पी’ अडकतो. कडाक्याच्या थंडीत ओला हँडब्रेक गोठून सुटेनासा होऊ शकतो. अशा ठिकाणी शक्यतो सपाट जागा निवडावी, गाडी गिअरमध्ये ठेवावी, चाकाआड ठोकळा लावावा आणि हँडब्रेक मोकळा सोडावा.